मुलीच्या खांद्यांविषयी घरगुती समितीचा अहवाल

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं, जागा आहे. फोन बंद करा असं मी म्हणणार नाही. उपडा ठेवलात तरी पुष्कळ. एक गोष्ट सांगतो. ऐकता ऐकता चेहऱ्यावर जे उमटेल ते उमटू द्या, इथे कुणी फोटो काढत नाही.

आधी सिद्धान्त, मग कथा, ही चांगल्या प्रवचनाची शिस्त. सिद्धान्त असा की देवाने प्रत्येक माणसाला एक चेहरा आणि एक देह दिला आहे, आणि हा पुरवठा मागणीच्या मानाने फार अपुरा आहे. ही तूट भरून काढण्यासाठी मानवजातीने पूर्वी आरसा, मग कॅमेरा आणि अलीकडे फोन निर्माण केला. देवाचं काम जिथे संपतं तिथे माझं सुरू होतं. मी छायाचित्रकार आहे.

औषधाच्या दुकानाला लागून माझा स्टुडिओ आहे. एकोणतीस वर्षं झाली. आत एक स्टूल, दोन छत्र्यांचे दिवे, निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा पडदा, आणि कोपऱ्यात संगणक. आजूबाजूच्या तीन शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो माझ्याकडेच असतात. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, मी 'हनुवटी जराशी खाली' म्हणतो, आणि खरं काम नंतर संगणकावर होतं. या कामाला आमच्या दुकानात 'साफसफाई' म्हणतात. मुरूम जातो, डोळ्यांखालचं काळं जातं, गाल आत जातात, मान मोकळी होते. गिऱ्हाईक फोटो हातात घेतं, दोन क्षण बघतं आणि म्हणतं, "हा बरोबर मी आलो." इतकी वर्षं मी हे वाक्य आशीर्वादासारखं घेत आलो.

माझ्या नोंदींनुसार दर शंभर गिऱ्हाइकांपैकी एक्याण्णव जण स्टुलावर बसण्याआधी सांगतात की मी फोटोत चांगला येत नाही. सहा जण सांगतात की मागच्या वेळी तुमच्या कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलं होतं. उरलेली तीन तान्ही मुलं असतात, ती फक्त रडतात. (रडण्याचं कारण त्यांनी अद्याप स्पष्ट केलेलं नाही.)

दर शनिवारी संध्याकाळी मी गाऊन सांगितलेलं प्रवचन ऐकायला जातो. पुढची रांग, डावीकडची तिसरी खुर्ची. आमच्या प्रवचनकारबाईंचा आवाज असा की देह हा चार दिवसांचा पाहुणा आहे हे त्या गाऊन सांगू लागल्या की माझ्या अंगावर काटा येतो आणि डोळे आपोआप मिटतात. (ही झोप नव्हे, असं मी घरी अनेकदा लेखी कळवलं आहे.) याच बाई मागच्या वर्षी भिंतीवर लावायच्या पत्रकासाठी फोटो काढायला आल्या होत्या. फोटो झाला. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "दादा, या पाहुण्याच्या हनुवटीखालचं थोडं कमी होईल का हो?"

मी केलं. भक्तीने केलं.

आता कथा.

मला एक मुलगी आहे, सतरा वर्षांची. जन्मली तेव्हा गुटगुटीत होती म्हणून घरात तिला गुट्टी म्हणतात. गेली सतरा वर्षं आम्ही तिला दिवसातून सरासरी चाळीस वेळा या नावाने हाक मारत आलो आहोत. (समितीने हा आकडा पुराव्यात धरलेला नाही, कारण त्यात फोनचा संबंध आढळला नाही.)

गुट्टी सहाव्या वर्षापासून पोहते. पाण्यात ती माशासारखी दिसते असं म्हणायची पद्धत आहे, पण ते खरं नाही. ती पाण्यात कामावर निघालेल्या माणसासारखी दिसते. कुठे जायचंय ते ठाऊक असलेली, मध्ये कुणाशी न बोलणारी. तिला एकच गोष्ट व्हायचं होतं: जीवरक्षक. शहराच्या तलावावर दर दोन वर्षांनी जीवरक्षकांचं प्रशिक्षण असतं, वीस जणांना घेतात. यंदाचा अर्ज महिनाभर उघडा होता, शेवटची तारीख पंधरा. आणि पुढच्या वेळी तिचं शिक्षण दुसऱ्या गावी असणार, म्हणजे यंदा नाही तर नाहीच.

अर्ज तिने अर्धा भरला आणि सोडून दिला.

तसं तिने बरंच काही सोडलं होतं. चार महिन्यांपूर्वी तलावाच्या काठावरचा तिचा एक व्हिडिओ कुणीतरी टाकला. त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'हिच्यामागे दोन माणसं पोहत असतील तर दिसणार नाहीत.' त्यावर दोनशे बारा जणांनी हसण्याची खूण केली. तेव्हापासून ती तलावावर गेलेली नव्हती. भर उकाड्यात चुलतभावाचं ढगळ जाकीट घालून बसायची. अर्धी पोळी खाऊन उठायची. स्वतःचे फोटो टाकायची ते कपाळापासून नाकापर्यंत. नाकाच्या खाली ती राहतच नाही असं पाहणाऱ्याला वाटावं.

बापाच्या काळजात कालवाकालव झाली. आणि ज्या माणसाच्या काळजात कालवाकालव होते आणि उपाय सुचत नाही, तो समिती नेमतो.

'समाजमाध्यमांचा तरुण देहावरील परिणाम तपासण्यासाठीची घरगुती चौकशी समिती' महिन्याच्या सहा तारखेला, जेवणानंतर, ओट्याजवळ स्थापन झाली. अध्यक्ष मी. सदस्य-सचिव बायको, जी डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे आणि जिला दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणायची सवय असल्याने घरातही कुणाचं काही अंधुक चालत नाही. ज्येष्ठ सदस्य माझी थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, मुलीची आत्या. समितीची कार्यकक्षा अशी ठरली: मुलगी फोनवर काय पाहते, किती पाहते, आणि त्यात तिचा दोष किती. निष्कर्ष काय असावा हेही त्याच बैठकीत ठरलं, म्हणजे नंतर घोळ नको. निष्कर्ष होता: फोन.

"अहो, निष्कर्ष ठरलाय तर चौकशी कशाला?" बायकोने भांडं पुसत विचारलं.

"चौकशीशिवाय निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल," मी म्हणालो.

"अरे, पण मुलीला विचारायचं ना?" आत्या म्हणाली.

"शेवटी. आधी पुरावा."

आठवडाभर पुरावा गोळा झाला. मुलगी दिवसाला सरासरी तीन तास दहा मिनिटं फोन बघते असं निघालं. तुलनेसाठी समितीच्या सदस्यांचीही वेळ मोजायची असं सदस्य-सचिवांनी सुचवलं, आणि अध्यक्षांनी मोठ्या मनाने मान्य केलं. बायको: पन्नास मिनिटं. आत्या: दोन तास चाळीस (त्यातला दीड तास सकाळच्या शुभेच्छा पाठवण्यात, त्या शुभेच्छांवर आत्याचा जो फोटो असतो तो अकरा वर्षांपूर्वीचा आणि माझ्या साफसफाईतून गेलेला आहे, त्यामुळे आत्या रोज सकाळी दोनशे लोकांना आपल्या धाकट्या बहिणीसारखी दिसते). अध्यक्ष: चार तास पंचवीस मिनिटं. अध्यक्षांचा वापर व्यावसायिक स्वरूपाचा असल्याने तो वगळण्यात आला. स्टुडिओच्या पानावर टाकलेला फोटो किती जणांना आवडला हे दर सहा मिनिटांनी पाहणं हा व्यवसायाचाच भाग आहे, असं अध्यक्षांनी नोंदवलं. सदस्य-सचिवांनी या नोंदीपुढे पेन्सिलने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं, ते अहवालात तसंच ठेवलं आहे.

बारा तारखेला मुलीची साक्ष झाली. ती जाकीट घालून आली, गुडघे पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली.

"गुट्टी, तू ज्यांना बघतेस ते आम्हाला दाखव," मी शक्य तितक्या सौम्य आवाजात म्हणालो.

"कशाला?"

"समितीला बघायचंय."

"कुठली समिती? तुम्ही तिघंच तर आहात."

"त्यालाच समिती म्हणतात बाळा," आत्या म्हणाली.

तिने फोन पुढे केला. एक मुलगी समुद्रकाठी उभी होती. दुसरी आरशासमोर. तिसरी व्यायामशाळेत. साऱ्याच जणी एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघाल्यासारख्या. गुट्टीचं बोट एकीच्या फोटोवर थांबलं.

"ही पण पोहते," ती म्हणाली. "आठवड्याला सहा दिवस. आणि हिला खांदेच नाहीत. मग मलाच का आहेत?"

आता सांगतो, या क्षणी माझ्यातला बाप थोडा मागे सरला आणि छायाचित्रकार पुढे आला. मी चष्मा वर केला. फोटो मोठा केला.

"हिच्यामागची फरशी बघ," मी म्हणालो.

"काय आहे?"

"फरशीच्या रेघा सरळ असतात. हिच्या खांद्याजवळ ही रेघ आत वाकलीय, नदीसारखी. खांदा आत ढकलला की मागचं सगळं त्याच्याबरोबर ढकललं जातं. फरशीला काय कळतंय की आपण लपायला हवं."

गुट्टीने फोन हिसकावून घेतला. बघत राहिली. मग दुसरा फोटो काढला. "आणि ही?"

"दाराची चौकट बघ. कमरेजवळ दार कधी आत जातं का?"

"ही?"

"हिचा हात बघ. कोपराच्या वर कठडा नीट आहे, खाली नीट आहे, मध्ये विरघळलाय."

अर्ध्या तासात मी एकतीस जणींचे खांदे, कमरा, दंड आणि माना परत जागच्या जागी आणून दिल्या. आयुष्यात इतक्या लोकांना एका बैठकीत वजन वाढवून दिल्याचं मला आठवत नाही. बायकोही फोनवर वाकली. आत्याने चष्मा बदलला. गुट्टी हसत होती. चार महिन्यांनी. "बाबा, तुम्हाला हे एवढं कसं काय दिसतं?" ती म्हणाली.

"अनुभव," मी म्हणालो, आणि अभिमानाने छाती पुढे काढली. (छातीबरोबर पोटही पुढे येतं. ही दोन खाती माझ्यात वेगळी करता येत नाहीत.)

समितीचा विजय झाला. निष्कर्ष सिद्ध झाला. मुलीने जाकिटाची चेन अर्धी उघडली, संगणकापुढे बसली आणि म्हणाली, "अर्ज भरून टाकते. तीन दिवस आहेत अजून."

बाकीचं सगळं भरलेलंच होतं. शेवटची पायरी ओळख पटवण्याची. अर्जदाराने कॅमेऱ्याकडे बघायचं, आणि यंत्र त्याचा चेहरा शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोशी ताडून पाहणार. गुट्टीने मान सरळ करून पाहिलं. यंत्राने एक गोल फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि अक्षरं आली: 'अर्जदार व छायाचित्र यांत तफावत आढळली. कृपया स्वतःचे छायाचित्र जोडावे.'

"अरे, तिचंच तर आहे," आत्या म्हणाली.

गुट्टीने पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. केस मागे बांधून पाहिलं. दिव्याखाली बसून पाहिलं. चौथ्या वेळी तिने दप्तरातून ओळखपत्र काढलं आणि ते डोळ्यांजवळ नेलं. मला वाटलं ती चेहरा बघतेय. ती चेहरा बघत नव्हती.

"पडदा," ती म्हणाली.

तिने ओळखपत्र माझ्यापुढे धरलं.

"बाबा, तुमच्या पडद्याच्या पट्ट्या सरळ आहेत ना?"

"आहेत," मी म्हणालो. खोटं बोलता येण्यासारखं नव्हतं, पडदा तिथेच दुकानात टांगलेला आहे.

"मग इथे माझ्या खांद्याजवळ वाकल्यात कशा?"

ती उठली. आमच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर तिचे शाळेचे सगळे फोटो ओळीने लावलेले आहेत, पहिलीपासून अकरावीपर्यंत, अकरा चौकटी. ती भिंतीशी गेली आणि एकेका फोटोसमोर थांबत चालू लागली. पहिली, सरळ. दुसरी, सरळ. पाचवीजवळ ती थांबली. मग सहावी, सातवी. आठवीत पट्ट्या दोन्ही बाजूंनी आत आल्या होत्या, गालाजवळही. अकरावीत तो पडदा राहिलाच नव्हता, ते वाऱ्यावरचं गवत होतं.

"पाचवीपासून," ती म्हणाली.

अध्यक्षांनी खुलासा करावा असं सदस्य-सचिवांनी नजरेने सुचवलं.

खुलासा असा. पाचवीत तिच्या गालावर डास चावल्याची गांधी होती, ती मी काढली. त्यात काय वाईट? सहावीत ती पोहून थेट आली होती, खांदे भरले होते, चौकटीच्या बाहेर जात होते. दोन बोटं आत घेतले. सातवीत आणखी दोन. प्रत्येक वेळी मी प्रेमाने केलं, अगदी माउसवर हलक्या हाताने. दुसऱ्यांच्या मुलांची फुकट साफसफाई करतो, मग स्वतःच्या मुलीची नको? मूळ फोटो संगणकात जागा अडवतात म्हणून पुसून टाकतो. तेव्हा आज परिस्थिती अशी होती की छायाचित्रकाराच्या घरात, जिथे शेजाऱ्याच्या मांजराचेसुद्धा सहा फोटो जपून ठेवलेले आहेत, तिथे पोटच्या मुलीचा पाचवीनंतरचा एकही खरा फोटो नव्हता.

"तू कधी म्हणाली नाहीस," मी म्हणालो. "मी आपलं तुला बरं वाटावं म्हणून."

"मला माहीतच नव्हतं." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच जड गेलं. "मला वाटायचं कॅमेरा खोटं बोलत नाही, तुम्हीच सगळ्यांना सांगता. दरवर्षी फोटोत मी बारीक होत जाते आणि आरशात नाही. मला वाटायचं फोटोतली मी आहे तीच खरी, आणि आरशातली बिघडत चाललीय. फोन तर मला गेल्या वर्षी मिळाला, बाबा."

या साक्षीनंतर समितीची बैठक तहकूब झाली.

तेरा तारखेला शाळेत गेलो. कार्यालयातल्या बाईंनी नियम वाचून दाखवला: ओळखपत्रावरचा फोटो बदलता येतो, मात्र नवीन फोटो अधिकृत छायाचित्रकाराचा असावा आणि त्यात कोणताही फेरफार केलेला नाही असं त्याने लिहून द्यावं. "अधिकृत छायाचित्रकार कोण आहे?" मी विचारलं. बाईंनी कागद उलटला, माझं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच की हो," त्या म्हणाल्या. "बरं झालं, घरचंच काम."

घरचंच काम. पण मुलगी स्टुलावर बसेना.

"आईला काढू दे," ती म्हणाली.

"आईचा फोटो चालणार नाही, नियम आहे. मी काढतो, हात लावणार नाही. शपथ."

"तुमचा हात तुम्हाला तरी विचारतो का?" बायको म्हणाली. ती त्या दिवशी समितीत नव्हती, मुलीच्या बाजूला बसली होती. मी तिच्या या बोलण्यावर काही म्हणणार होतो. पण लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोत तिचा दंड तिनेच मला कमी करायला लावला होता हे बोललो असतो तर आज ही कथा सांगायला राहिलो नसतो.

गुट्टी विचार करत होती. मग म्हणाली, "आधी तुम्ही बसा. तुमचा फोटो मी काढते. आणि तो काचेत लावायचा."

इथे थोडं सांगायला हवं. माझ्या दुकानाच्या दर्शनी काचेत माझाच एक मोठा फोटो आहे, खाली 'आपला विश्वासू छायाचित्रकार' असं लिहिलेलं. त्या फोटोत मला केस आहेत. जबडा आहे. मान आहे. नवीन गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्या फोटोतल्या माणसाला शोधतं; मी म्हणतो, बसा, मीच तो; तेव्हा ते माझ्या तब्येतीची चौकशी करतं.

चौदा तारखेला सकाळी मी माझ्याच स्टुलावर बसलो. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. दिवे तोंडावर आले तेव्हा कळलं की हे किती जवळ आहेत, आणि समोरचं काळं भिंग किती शांत बसून असतं. देह हा चार दिवसांचा पाहुणा, हे मी मनात गुणगुणून पाहिलं. पाहुणा काही उठून गेला नाही, उलट अधिक ऐसपैस बसला.

"मी तसा फोटोत चांगला येत नाही," मी म्हणालो. माझं मलाच ऐकू आलं.

"सगळे तेच म्हणतात," गुट्टी कॅमेऱ्यामागून म्हणाली.

"पोट आत घेऊ का?"

"घ्या की. पण श्वास किती वेळ धरणार?"

अकरा सेकंद धरला. ती थांबून राहिली. सोडला तेव्हा तिने बटण दाबलं.

फोटो छापला, मोठा केला, दुपारी काचेत लागला. नोंदीसाठी: पहिल्या तासात तेवीस जण थांबले. औषधवाल्याने दार उघडून, माझी साखर तपासली का, असं विचारलं. एका बाईंनी आत येऊन सांत्वन केलं की कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलं असेल हो. आत्या रस्त्याच्या पलीकडून दोन मिनिटं बघत राहिली आणि मग म्हणाली, "अगदी आपल्या वडिलांसारखा दिसतोस रे." तिला रुमाल लागला. वडिलांचा चेहरा एकोणतीस वर्षं मी स्वतःच्याच हाताने पुसत होतो हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अहवालात याला जागा नाही, पण सांगून ठेवतो.

संध्याकाळी पाच वाजता गुट्टीने जाकीट काढून खुंटीला लावलं आणि स्टुलावर बसली.

मी भिंगातून पाहिलं. चौकट भरून गेली. पाण्याने अकरा वर्षं घडवलेले खांदे, मानेकडून खाली उतरत आलेले, एखाद्या दाराच्या दोन्ही फळ्या नीट बसाव्यात तसे. माझ्या हातून आजवर हजारो फोटो निघाले. इतकं कामाचं काही मी चौकटीत पाहिलेलं नव्हतं. मी 'हनुवटी खाली' म्हणालो नाही. बटण दाबलं.

फोटो संगणकावर आला. आणि मंडळी, देवाशपथ सांगतो, माझा उजवा हात माउसकडे गेला. मी पाठवला नव्हता. तो गेला, आणि बाण तिच्या डाव्या खांद्याच्या कडेवर जाऊन टेकला.

गुट्टीने माझ्या खांद्यावरून हात पुढे केला, माउस उचलला, त्याची वायर काढली आणि तो खिशात टाकला.

"आता पाठवा," ती म्हणाली.

माउसशिवाय फोटो पाठवायला चाळीस मिनिटं लागली. फेरफार केलेला नाही असं लिहून दिलं. तसं लिहिण्याची पहिलीच वेळ असल्याने सही दोनदा चुकली. पंधरा तारखेला सकाळी शाळेने नवं ओळखपत्र दिलं, गुट्टी कॅमेऱ्यासमोर बसली, यंत्राचा गोल अर्धासुद्धा फिरला नाही. 'ओळख पटली.' सरकारी यंत्राच्या तोंडून इतकं जिव्हाळ्याचं वाक्य मी ऐकलेलं नाही.

परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. पाण्यात एक जड बाहुलं सोडतात आणि ते काठावर ओढून आणायचं असतं. बाहुल्याचं वजन एक्याऐंशी किलो. (माझं ब्याऐंशी. हे मी तिथेच प्रशिक्षकांना विचारून घेतलं.) गुट्टी पाण्यात उतरली, बाहुल्याच्या काखेत हात घातला, आणि ज्या दोन खांद्यांची मी सहा वर्षं मिळून बारा बोटं कमी केली होती त्या दोन खांद्यांवर तो माझ्या मापाचा माणूस ओढत काठाशी घेऊन आली. विसांत तिचा एकोणिसावा क्रमांक लागला. चार महिने सराव नव्हता, नाहीतर वर आली असती.

आता अहवाल पुरा करायला हवा. समितीने फोनला दोषी धरलं आहे. तो निष्कर्ष बदललेला नाही, फक्त त्याच्याबरोबर एका सहआरोपीचं नाव जोडलं आहे. त्या सहआरोपीला दुकानाची साफसफाई बंद करायची शिक्षा झाली. त्याचे परिणाम मात्र समितीच्या अंदाजापलीकडचे निघाले. काचेतला माझा फोटो पाहून तरुण पोरं-पोरी दुकानात येऊ लागली. त्यांनाही असाच 'खरा' फोटो हवा असतो. हल्ली तीच चाल आहे म्हणे, काही न केलेलं दिसायचं. एकीने स्पष्टच सांगितलं, "काका, तुमच्या फोटोसारखा एकदम नैसर्गिक पाहिजे. फक्त माझी त्वचा जरा नैसर्गिकरीत्या नितळ करा, आणि नाकसुद्धा नैसर्गिकरीत्या लहान." मी नाही म्हटलं. ती म्हणाली बरं, आणि फोनवर स्वतःच चार मिनिटांत केलं. माझ्यापेक्षा चांगलं केलं. मागची फरशीसुद्धा वाकली नाही. ही विद्या फार पुढे गेली आहे. आता फरशीसुद्धा साक्ष देईनाशी झाली आहे.

आणि गुट्टीचं म्हणाल तर ती पूर्ण बरी झाली असं लिहून द्यायला मी तयार नाही, कारण फेरफार केलेला नाही असं लिहून देण्याची मला आता सवय लागली आहे. परवा तलावावरच्या वीस जणांचा एकत्र फोटो आला. तिने फोन उचलला, आणि वीस चेहऱ्यांतून आधी स्वतःला शोधलं, मोठं केलं, खांद्यापाशी थांबली. थोडा वेळ थांबली. मग लहान केलं, आणि बाकीच्या एकोणिसांना बघायला लागली. थोड्याच वेळाचा हा फरक आहे. समिती त्याची नोंद घेते.

तुम्ही हसलात, ते मी पाहिलं. हसलात ते बरं केलंत. मीही घरी आरशासमोर हसतो. आपण सगळी सभ्य माणसं, आपण कुणाचे खांदे कापत नाही, कुणाच्या व्हिडिओखाली काही लिहीत नाही. आपण फक्त आपल्या माणसांना समोर उभं करतो, फोन वर धरतो आणि मायेने म्हणतो, जरा पोट आत घे. जरा तिरकी उभी राहा. हा नको, यात तू फार रुंद दिसतेस, दुसरा काढू.

माझी एकच विनंती आहे, आणि ती माझ्या मुलीसाठी नाही, तिचं तिने बघून घेतलं आहे. घरी जाताना वाटेत एकदा आठवा, तुम्ही हे शेवटचं कुणाला म्हणालात. नाव आठवेल, चेहराही आठवेल. तो फोटो तुम्ही पुसून टाकला, पण तुम्ही पुसत होतात तेव्हा ते माणूस तुमच्याकडे बघत होतं. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्याची आठवण असू द्या.